ना हरकत

नियमावली माझ्याच टेबलावर असते.
पिवळा पुठ्ठा, त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ.
आत कलम सात: वय सतरा ते पंचवीस,
हजेरी पंच्याहत्तर टक्के,
आणि पोटकलम ई, ज्याखाली पेन्सिलची रेघ माझीच:
कॉलेज बदललेला खेळाडू
जुन्या कॉलेजच्या ना हरकत पत्राशिवाय
एक वर्ष बसून राहील.

बसून राहील!
मंजिता वेळीप, नेत्रावळीची, पाच फूट अकरा,
कदंबच्या सीटवरसुद्धा जिला धड बसता येत नाही,
गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीत.

तिला केप्याला आणलं बाझिलिओ सरांनी.
मी सोबत होतो, फॉर्म भरायला.
आई अंगणात मिरी वाळत घालत होती.
सरांनी हातवारे करून खेळ समजावला,
दहा फुटांवर लोखंडी कडं, त्यातून चेंडू खाली.
आई हात न थांबवता म्हणाली,
‘तितले उंचायेर कितें आसा?’
सर म्हणाले, फी माफी.

जन्मतारीख एक जून.
त्या शाळेतली सगळीच मुलं एक जूनची, मास्तरांची सोय.
आई सांगत होती, वेलीला मिरी धरली नाही
त्या वर्षीची ही.
फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

दोन वर्षं खेळली.
चिऱ्याच्या भिंतीलगतचं आमचं मैदान,
कड्याला जाळी नाही,
खनिजाच्या ट्रकांची धूळ रेषांवर बसलेली.
चेंडू कड्यावर आपटून उडाला
की बाकीच्या पोरी तो खाली यायची वाट बघत.
ती बघत नसे.

मग एका मंगळवारी, पान नऊ,
फुटबॉलच्या चार कॉलमांखाली, चष्मा पुसून वाचावं एवढं:
‘केप्याची वेळीप पणजीला?’
प्रश्नचिन्हासकट.
पणजीचं कॉलेज वसतिगृह देणार, म्हणे,
आणि बुटांचे दोन जोड, तिच्या मापाचे,
जे कुडचड्याच्या एकाही दुकानात नाहीत.

पोटकलम फ: खेळाडूस आमिष दाखवू नये.
खाडीवर त्याला गरी म्हणतात.
आम्ही दाखवली तिला
योजना म्हणतात.

प्राचार्या कुंकळ्येकर बाई म्हणाल्या,
पत्र टाईप करून ठेवा,
जावक क्रमांक तेवढा घालू नका.
ठेवलं. डावीकडचा खण, स्टेपलरच्या पिनांखाली.
बाझिलिओ सर त्या आठवड्यात ऑफिसात आलेच नाहीत.
बाहेर एकटेच चेंडू आपटत होते,
एकाच जागी.

एकोणतीस ऑगस्टला ती आली.
माझ्या खिडकीतून तिचा चेहरा दिसत नाही,
टी-शर्टावरचा नऊ आकडा दिसतो आणि हात.
हात म्हणाला, ‘सर, पत्र?’
मी म्हणालो, बाई मीटिंगला गेल्यात.
बाई आत डबा खात होत्या. 
ताटलीवर चमचा वाजला, दोघांनीही ऐकला.
हात थोडा वेळ काउंटरवर राहिला.
मग गेला.

माझी हरकत नव्हती.
कुणी विचारलीही नाही.

सप्टेंबरात पुन्हा बातमी, आता दोनच ओळी:
वेळीप यंदा मैदानात दिसणार नाही.
दुखापत नाही, असं प्रशिक्षकांनी स्पष्ट केलं,
मुलगी नियमात बसत नाही, एवढंच.

डिसेंबरात पणजीशी आमचा सामना.
मी गुणलेखकांच्या टेबलावर, फाउल मांडायला.
समोरच्या बाकावर टोकाला ती,
साध्या कपड्यांत, पाय कुठे ठेवावेत न कळून
तिरके ठेवलेले.
बूट मात्र नवे होते.
आमचा चेंडू कड्यावर आपटला
की ती अर्धी उठायची,
मग शेजारणीकडे बघून, बाटली उचलायला उठल्यासारखं करून,
खाली.
तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाचदा.

सामन्यानंतर पंचांनी माझा कागद परत केला.
त्या क्वार्टरमधले दोन फाउल
मी मांडलेलेच नव्हते.